मोजक्या गाठी, नेमका मारा

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहू. खोलीत अंधार करून पाच विद्यार्थ्यांच्या हाती एकेक विजेरी देऊ. वेगवेगळ्या बाजूंनी सर्वांनी कागदावरच्या एकाच ठिपक्यावर झोत टाकायचा. ठिपका लख्ख उजळतो. आता एका झोताच्या वाटेत हात धरा. हातावर पडतो तो फक्त एकाच विजेरीचा प्रकाश.

कर्करोगाच्या गाठीवर क्ष-किरणांचा मोठा मारा करण्याची युक्ती हीच आहे. अनेक दिशांनी येणारे किरण गाठीत एकत्र येतात. तिथे मात्रा भरपूर मिळते, वाटेतल्या निरोगी पेशींना थोडी. ही कल्पना स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली मेंदूसाठी मांडली. डोके चौकटीत घट्ट बसवता येते. फुप्फुस मात्र दर श्वासाला हलते! म्हणून छाती-पोटातल्या गाठींसाठी श्वासाची हालचाल मोजावी लागते आणि दर खेपेला गाठीची जागा पुन्हा तपासावी लागते.

किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलोग्रॅम ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली, की एक ग्रे. नेहमीच्या उपचारात रोज सुमारे २ ग्रे असे कित्येक आठवडे देतात. इथे फुप्फुसाच्या गाठीला तीन खेपांत ५४ ग्रेपर्यंत देता येतात.

पण रोग पसरू लागला असेल तर? पूर्वी अशा वेळी रोग सर्वांगात गेला असेच बहुधा धरले जाई. १९९५ साली शिकागोचे हेलमन आणि वाइक्सेलबाउम यांनी सुचवले, की मधली एक अवस्था असते. तीत दुय्यम गाठी मोजक्याच असतात. मग त्या एकेक करून नष्ट केल्या तर?

एक ते पाच दुय्यम गाठी असलेल्या ९९ रुग्णांवर हे तपासले गेले. पाच वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांनी सुमारे १८ टक्के, तर नेमक्या माऱ्याची जोड दिल्यावर ४२ टक्के आढळले. मात्र मारा घेतलेल्या ६६ जणांपैकी तिघे उपचाराच्या दुष्परिणामांनी दगावले. स्तनाच्या कर्करोगावरच्या, २०२२ साली जाहीर झालेल्या एका चाचणीत तर फायदा दिसलाच नाही.

असे का? स्कॅनमध्ये दिसते ती गाठ. रक्तातून गेलेल्या सुट्या पेशी दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्यावर नेम धरता येत नाही. त्यांच्यासाठी औषधेच लागतात. म्हणून ‘किती गाठी आहेत?’ याबरोबरच ‘न दिसणाऱ्या किती असतील?’ हाही प्रश्न डॉक्टरांना विचारात घ्यावा लागतो.