जालना जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्यसेवा आणि मनोविकारांवरील समन्वित उपचारपद्धती

बीजशब्द : मानसिक आरोग्य, प्राथमिक आरोग्य केंद्र, समन्वित उपचार, आशा स्वयंसेविका, प्रेरणा प्रकल्प, पाठपुरावा

प्रस्तावना :

मानसिक आजाराचा विषय निघाला की आपल्याकडे अजूनही ठाणे किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयाची आठवण होते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशा चार ठिकाणी प्रादेशिक मनोरुग्णालये दीर्घकाळापासून कार्यरत आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे या भागातील मानसिक आरोग्याचा प्रश्न म्हणजे रुग्णालयाच्या अभावाचा प्रश्न, असा समज दृढ झाला आहे. हा समज अंशतःच खरा आहे. नैराश्य, चिंताविकार, व्यसनाधीनता यांसारख्या विकारांनी त्रस्त असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना खाटेची आवश्यकता नसते. त्या आपल्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतातही. मात्र "डोके जड पडते", "झोप लागत नाही", "जीव घाबरा होतो", "हातपाय गळून जातात" अशा तक्रारी घेऊन येतात आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन परत जातात.

अशा व्यक्तींवर प्राथमिक स्तरावरच उपचार करण्याची जी पद्धती जगभर विकसित झाली, तिला समन्वित उपचारपद्धती असे म्हणता येईल. तिचे स्वरूप स्पष्ट करणे आणि जालना जिल्ह्याच्या संदर्भात तिची उपयुक्तता तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचे स्वरूप :

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १९ लाख ५९ हजार इतकी होती. जिल्ह्यात आठ तालुके असून बहुसंख्य लोक कापूस, सोयाबीन, मोसंबी अशा पावसावर किंवा अपुऱ्या सिंचनावर विसंबणाऱ्या शेतीवर जगतात. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळून गेल्या. वर्षानुवर्षे जोपासलेले झाड डोळ्यांदेखत जळते तेव्हा होणारी हानी केवळ आर्थिक नसते.

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना सर्वेक्षणाच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. आणि विकारानुरूप सुमारे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. त्यामुळे हे आकडे जालन्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि उपचारांची दरी किती रुंद आहे याची कल्पना त्यांवरून येते.

समन्वित उपचारपद्धती म्हणजे काय ? :

आपल्या आरोग्यव्यवस्थेला परिचित असलेली पद्धत संदर्भसेवेची आहे. वैद्यकीय अधिकारी चिठ्ठी लिहून रुग्णास जिल्हा रुग्णालयाकडे पाठवितो आणि तेथे त्याची जबाबदारी संपते. रुग्ण जिल्हा रुग्णालयात पोहोचला की नाही, हे बहुधा कोणी पाहत नाही. समन्वित पद्धतीत रुग्णाची जबाबदारी प्राथमिक केंद्राकडेच राहते आणि तज्ज्ञाचे ज्ञान त्या केंद्रापर्यंत आणले जाते.

या पद्धतीची पायाभरणी अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात वेन केटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इम्पॅक्ट' या अभ्यासात १८ प्राथमिक उपचारकेंद्रांतील १८०१ वृद्ध नैराश्यग्रस्त रुग्णांचा समावेश होता. बारा महिन्यांनंतर समन्वित उपचार मिळालेल्या गटातील ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा अधिक कमी झाली. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते.

या पद्धतीचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१) मापन : नऊ प्रश्नांच्या 'पीएचक्यू-९' या प्रश्नावलीद्वारे नैराश्याची तीव्रता ० ते २७ या गुणश्रेणीत मोजली जाते. रक्तदाबाप्रमाणे ती पुनःपुन्हा मोजता येते. नववा प्रश्न मरणाच्या अथवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांसंबंधी असून त्याचे उत्तर होकारार्थी आल्यास एकूण गुण कितीही असोत, तातडीने चौकशी करावी लागते.

२) नोंदवही : उपचाराखालील प्रत्येक रुग्णाचे नाव, गुण, औषध आणि पुढील भेटीची तारीख एका ठिकाणी नोंदविली जाते. कोण आले नाही, हे तिच्यावरून कळते.

३) समन्वयक : परिचारिका, समाजकार्यकर्ता किंवा प्रशिक्षित समुपदेशक यांपैकी एक व्यक्ती रुग्णाशी सातत्याने संपर्क ठेवते.

४) तज्ज्ञाचा सल्ला : मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक रुग्णास तपासत नाही. तो ठरावीक काळाने नोंदवही पाहून, ज्यांच्यात सुधारणा नाही अशांविषयी मार्गदर्शन करतो.

५) टप्प्याटप्प्याने उपचार : सौम्य त्रासासाठी समुपदेशन, मध्यम त्रासासाठी समुपदेशन अथवा औषध, आणि तीव्र विकार किंवा आत्महत्येचा धोका असल्यास तज्ज्ञाकडे रवानगी, असा क्रम असतो.

गोवा आणि अमरावती येथील अनुभव :

ही पद्धती श्रीमंत देशांपुरती मर्यादित आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारीच मिळाले. गोव्यातील 'मानस' या प्रयोगात १२ शासकीय आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने सहभागी होते. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. येथील समुपदेशक आरोग्यक्षेत्राचे पूर्वशिक्षण नसलेल्या, परंतु खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रिया होत्या. शासकीय केंद्रांत सहा महिन्यांनंतर समन्वित उपचार मिळालेले ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. तुलनेच्या गटात हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तेथे तोच डॉक्टर तोच रुग्ण वारंवार पाहतो, म्हणजे सातत्य आधीच काही प्रमाणात असते, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण होय.

विदर्भातील अमरावती जिल्ह्याच्या ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबविला गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनानुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढले. कापूस पिकविणाऱ्या, कर्जाच्या ओझ्याखालील कोरडवाहू गावांतील हा अनुभव असल्याने जालन्यासाठी तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

जालना जिल्ह्यातील विद्यमान व्यवस्था :

भारताने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्येच स्वीकारला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ आत्महत्याप्रवण जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' हा शेतकरी समुपदेशन आरोग्यसेवा कार्यक्रम हाती घेतला. त्यात जालना जिल्ह्याचा समावेश होता. आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन तणावग्रस्त व्यक्ती शोधावयाच्या, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राशी आणि पुढे जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञ चमूशी जोडावयाचे, तसेच १०४ या दूरध्वनी क्रमांकावरून समुपदेशन उपलब्ध करावयाचे, अशी त्याची रचना होती. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही राष्ट्रीय सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. २०२४ मध्ये जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

कायद्याचेही पाठबळ आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ ने मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क मान्य केला असून ही सेवा प्राथमिक स्तरासह सर्व स्तरांवरील सामान्य आरोग्यसेवेत समाविष्ट करणे शासनावर बंधनकारक केले आहे.

म्हणजे माणसे, क्रमांक, योजना आणि कायदा हे सर्व घटक उपलब्ध आहेत. प्रश्न आहे तो त्यांना जोडणाऱ्या दुव्याचा.

पाठपुराव्याचा दुवा :

एक कल्पित उदाहरण घेऊ. मंठा तालुक्यातील चाळीस वर्षांची एक शेतकरी स्त्री आहे. आशाताईंच्या सर्वेक्षणात तिचे गुण १४ येतात. केंद्रातील डॉक्टर तिला नैराश्यावरील औषध लिहून देतात. या औषधांचा परिणाम दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता यांसारखे दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतात. हे तिला कोणी सांगितलेले नसेल, तर दहाव्या दिवशी "या गोळ्यांनी काही गुण नाही, उलट त्रासच वाढला" असे म्हणून ती औषध बंद करते. नोंदीत ती 'उपचार सुरू' असते. प्रत्यक्षात तिचे उपचार संपलेले असतात. दहाव्या दिवसापूर्वी कोणी तरी तिच्या दारी जाऊन दोन वाक्ये बोलण्यावर तिचे उपचार अवलंबून आहेत. ते काम मनोविकारतज्ज्ञाचे नाही. बरे वाटू लागल्यानंतरही औषध किमान सहा महिने चालू ठेवावयाचे असते, म्हणून ही भेट एकदाच देऊनही भागत नाही.

जालन्यात या सातत्याला स्थलांतराचा अडसर आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि चैत्राच्या आसपास परततात. उपचार गावाशी बांधलेले असतील, तर ते अशा कुटुंबांपुरते मधेच तुटणार. त्यासाठी औषधांचा पुरेसा साठा सोबत देणे आणि दूरध्वनीवरून संपर्क ठेवणे आवश्यक ठरते.

दुसरा अडसर गोपनीयतेचा आहे. आशाताई त्याच गावच्या, बहुधा भावकीतल्या असतात. हीच त्यांची शक्ती आणि हीच मर्यादा. "आपले नाव गावभर होईल" या भीतीपोटी, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असल्यास, खरे उत्तर दिले जात नाही. अधिनियमाच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला असला, तरी तो गावपातळीवर पाळला जाण्यासाठी प्रशिक्षण हवे. याखेरीज जिल्ह्याच्या सीमेलगत, बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी दर्ग्यासारख्या ठिकाणी अनेक रुग्ण प्रथम नेले जातात. या श्रद्धेची हेटाळणी केल्यास रुग्ण दुरावतो. श्रद्धेसोबत औषधही चालू ठेवण्याचा आग्रह अधिक फलदायी ठरतो.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक वाटते. शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर जमीन, कर्ज, वसुलीचा तगादा यांची महसुली चौकशी होते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरते. मृत्यूनंतर ज्या बारकाईने कागद तयार होतात, तीच बारकाई तो जिवंत असताना आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत दिसली पाहिजे. अर्थात कर्ज, भाव आणि पाणी यांचे प्रश्न गोळ्यांनी सुटत नाहीत. समन्वित उपचार हा शेतीविषयक धोरणाला पर्याय नव्हे. परंतु संकटाच्या काळात माणूस निर्णय घेण्याइतका सावरलेला राहावा, एवढे कार्य उपचार निश्चित करू शकतात.

उपाययोजना :

१) प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मनोविकारांच्या पाठपुराव्याची जबाबदारी एका निश्चित व्यक्तीकडे सोपवावी आणि आशाताईंना प्रत्येक पुनर्भेटीसाठी मोबदला द्यावा.

२) जिल्ह्यातील मनोविकारतज्ज्ञांनी दर पंधरवड्याला दूरध्वनीद्वारे केंद्रांच्या नोंदवह्यांचा आढावा घ्यावा. नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकारशास्त्र विभागाने या कामात सहभागी व्हावे.

३) केंद्रांवर नैराश्यावरील मूलभूत औषधे वर्षभर उपलब्ध असावीत. औषध नाही म्हणून परत गेलेला रुग्ण सहसा पुन्हा येत नाही.

४) महाविद्यालयांतील मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी आणि राष्ट्रीय सेवा योजनेने दत्तक गावांत आरोग्य केंद्राच्या मार्गदर्शनाखाली या कार्यास हातभार लावावा. गोव्यातील समुपदेशक स्त्रिया सामान्य पदवीधर होत्या. आपल्या वर्गांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थिनींत ही क्षमता आहे; तिला प्रशिक्षणाची आणि मानधनाची जोड हवी.

समारोप :

मनोविकारांवरील समन्वित उपचारपद्धती ही कोणत्याही नव्या यंत्राची किंवा महागड्या औषधाची मागणी करीत नाही. आहे त्या माणसांमध्ये कामाची स्पष्ट वाटणी आणि एका नोंदवहीची शिस्त एवढीच तिची अपेक्षा आहे. जालना जिल्ह्यात रुग्ण शोधण्याची व्यवस्था उभी राहिली आहे. शोधलेल्या रुग्णाकडे पुन्हा जाण्याची व्यवस्था तितकीच भक्कम झाली पाहिजे. पहिल्या भेटीत आजार कळतो, परंतु माणूस बरा होतो तो दुसऱ्या, तिसऱ्या आणि दहाव्या भेटीत. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्यसेवेचे मूल्यमापनही किती व्यक्तींची तपासणी झाली यापेक्षा किती व्यक्तींचा पाठपुरावा पूर्ण झाला, या निकषावर होणे गरजेचे आहे.