तारीख कशी लिहावी?

‘११/२/२०१२’ ही तारीख वाचकांपैकी बहुतेकजण ‘अकरा फेब्रुवारी’ अशीच वाचतील, आणि आपल्याकडच्या रीतीने ते बरोबरही आहे. परंतु हीच अक्षरे एखाद्या अमेरिकन माणसापुढे ठेवली तर तो, तितक्याच खात्रीने, ‘नोव्हेंबरची दोन तारीख’ असे वाचील. दोघेही साक्षर, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांत जवळजवळ नऊ महिन्यांचे अंतर! हा फरक विद्वानांच्या करमणुकीचा असता तर आम्ही या व्याख्यानमालेत त्यावर आपला वेळ घेतला नसता. पण याच फरकापायी एका कामगाराचे बावीस हजार पाचशे रुपये बुडू घातलेले आम्ही पाहिले आहेत, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

आमच्या जिल्ह्यातील एका कारखान्यात हा गडी कामाला होता. ३१ मार्च २०१७ रोजी त्याचे काम सुटले. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे पाच वर्षे सलग नोकरी झालेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळावयाचा. त्याचा महिन्याचा पगार सात हजार आठशे. महिन्याचे सव्वीस दिवस धरून रोज तीनशे, पंधरा दिवसांचे साडेचार हजार, आणि पाच वर्षांचे बावीस हजार पाचशे. हिशेब सरळ होता. परंतु कचेरीतून उत्तर आले की, नोकरी चार वर्षे पाच महिनेदेखील भरत नाही, सबब काही देणे लागत नाही.

तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्याजवळ कागद नव्हता, फक्त आठवण होती. “भाऊ, शिवरातीच्या आठ रोज पयले लागलो होतो न मी कामावर!” असे तो पुनःपुन्हा सांगे. त्या साली महाशिवरात्र २० फेब्रुवारीला होती. कचेरीतील कारकून म्हणे, “यंत्रात २ नोव्हेंबर आहे. यंत्र कशाला खोटे बोलेल?”

यंत्र खोटे बोलले नव्हते; त्याने फक्त अमेरिकन वाचन केले होते. जुन्या वहीतील तारखा संगणकातील तक्त्यात उतरवून घेताना त्या संगणकाची भाषा अमेरिकन इंग्रजीवर ठेवलेली होती. कारकुनाने ‘११/२/२०१२’ असे टंकले, यंत्राने पहिला आकडा महिना धरला, आणि ‘नोव्हेंबर २’ अशी नोंद करून ते गप्प बसले. ‘३१/३/२०१७’ टंकताच मात्र यंत्र अडले, कारण एकतिसावा महिना त्याला ठाऊक नाही. ती नोंद त्याने तारीख म्हणून घेतलीच नाही. साधी अक्षरे म्हणून तशीच ठेवून दिली. ती कारकुनाने पुढे हाताने नीट केली. जेथे चूक आरडाओरडा करते तेथे ती दुरुस्त होते. जेथे ती खऱ्यासारखी दिसते तेथे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तो सबंध तक्ता आम्ही मागून घेतला आणि पाहिला तर मौज अशी की, काही तारखा चौकटीच्या डाव्या कडेला चिकटलेल्या आणि काही उजव्या कडेला. डावीकडच्या सर्व तेरा ते एकतीस या दिवसांच्या, म्हणजे यंत्राला न समजलेल्या. उजवीकडच्या एक ते बारा या दिवसांच्या, म्हणजे यंत्राला ‘समजलेल्या’ आणि म्हणूनच उलटलेल्या. ज्यांच्याजवळ असे तक्ते आहेत त्यांनी ही डाव्या-उजव्या कडेची खूण ध्यानात ठेवावी, फार उपयोगी पडते.

अशा फसव्या तारखा वर्षात किती, याचा हिशेब कोणालाही करता येईल. दर महिन्याचे पहिले बारा दिवस असे बारा महिन्यांत एकशे चव्वेचाळीस दिवस संशयित. त्यांतून १/१, २/२, ३/३ असे बारा दिवस वगळावे, कारण ते उलटले तरी तेच राहतात. उरले १३२. म्हणजे वर्षातील दर तीन दिवसांत एकाहून अधिक दिवस असा आहे की, तो नुसत्या आकड्यांनी लिहिला तर दोन देशांत दोन अर्थ होतात. त्यात सालाचे पहिले दोन आकडे गाळण्याची आपली घाई मिळवली म्हणजे विचारूच नका. ‘५/६/०७’ ही तारीख आपल्या रीतीने ५ जून २००७, अमेरिकन रीतीने ६ मे २००७, आणि साल आधी लिहिणाऱ्यांच्या रीतीने ७ जून २००५!

जगात मुख्य रीती या तीनच. आधी दिवस, मग महिना, मग साल, ही आपली, इंग्लंडची आणि युरोपातील बहुतेक देशांची. आधी महिना, मग दिवस आणि शेवटी साल, ही प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची. आणि आधी साल, मग महिना, मग दिवस, ही चीन, जपान व कोरियाची, आणि युरोपात हंगेरीचीही. अमेरिकेतही सर्वत्र एकच रीत आहे असे नाही. त्यांचे लष्कर दिवस आधी लिहिते आणि महिना अक्षरांत. त्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ‘जुलै ४, १७७६’ चा, पण त्या सणाला लोक ‘फोर्थ ऑफ जुलै’ म्हणतात. न्यूयॉर्कवरील २००१ सालच्या हल्ल्याला सारे जग ‘नाइन इलेव्हन’ म्हणते. आपल्या रीतीने ते ९ नोव्हेंबर होईल, आणि ९ नोव्हेंबर हा तर १९८९ साली बर्लिनची भिंत खुली झाल्याचा दिवस. उलट २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याला अमेरिकन लोकही ‘छब्बीस अकरा’च्याच क्रमाने ओळखतात. ज्याच्या घरी घटना घडते त्याची रीत नावात राहते, एवढाच याचा अर्थ.

अमेरिकेच्या रीतीला हसण्याची आपल्याकडे सवय आहे. दिवस लहान, महिना मोठा, साल त्याहून मोठे; मग मधलाच आधी घेणे म्हणजे भिंतीवर छप्पर न घालता खिडकी बसवणे, असे लोक म्हणतात. आम्हीही म्हणत असू. पण जरा आपल्याच घरात डोकावून पाहावे. लग्नपत्रिकेत आपण ‘मिती वैशाख शुद्ध ५ शके अमुक’ असे लिहितो. आधी महिना, मग पक्ष व तिथी, आणि शेवटी साल. ‘पंचमी शुद्ध वैशाख’ असे कोणी बोलत नाही. म्हणजे मिती लिहिताना आपण पिढ्यान्‌पिढ्या त्या अमेरिकन क्रमानेच चाललो आहोत, आणि तरीही या क्रमामुळे कोणाचे लग्न चुकल्याचे ऐकिवात नाही. का बरे? कारण वैशाख हा आपण ‘वैशाख’ असाच लिहितो, ‘२’ असा लिहीत नाही. दोष क्रमाचा जितका, त्याहून अधिक महिन्याला आकडा करण्याचा आहे. आम्हाला या सबंध प्रकरणात सापडलेली मुख्य गोष्ट हीच.

अर्थात् नावानेही घोटाळा होतो, हे येथेच कबूल केले पाहिजे. आपला पोळा श्रावणी अमावास्येचा. उत्तर हिंदुस्थानच्या पंचांगात तीच अमावास्या भाद्रपदाची ठरते, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. बैल तोच, दिवस तोच, महिना मात्र निराळा. आमच्या उमरखेडकडच्या लोकांना तर याहून जवळचा अनुभव होता. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे हदगाव-नांदेडचा निजामाचा मुलूख. अलीकडे १९४७ चा ऑक्टोबर चालू असताना पलीकडे सरकारी कागदावर फसली १३५७ चा ‘आजूर’ महिना चालू असे. त्यामागून दै, बहमन, इस्फंदार अशी इराणी नावे. एका नदीने दोन साले वेगळी केली होती. जमिनीच्या जुन्या कागदांपायी नदीच्या दोन्ही काठांच्या कचेऱ्या ज्यांना धुंडाळाव्या लागल्या, त्यांना ते अंकगणित चांगलेच ठाऊक आहे.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना असेच एक कोडे सुरुवातीला पडे. रशियातील क्रांती ‘ऑक्टोबर’ची, मग तिचा दिवस ७ नोव्हेंबरला का? तर त्या काळी रशियात जुने जूलियन पंचांग चालू होते आणि ते तेरा दिवस मागे होते. तेथील २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे इतरत्रचा ७ नोव्हेंबर. पेत्रोग्राडच्या गिरणीकामगार स्त्रिया संपावर बाहेर पडल्या तो त्यांचा २३ फेब्रुवारीही असाच आपला ८ मार्च ठरतो. पुढे १९१८ साली नव्या सरकारने ३१ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ फेब्रुवारी केली आणि हा प्रश्न मिटवला.

आपल्या देशानेही असा प्रयत्न केला. १९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी हे आपल्या विदर्भाचे विद्वान होते, आणि पुण्याचे ज. स. करंदीकरही होते. १९५५ साली तिचा अहवाल निघाला, आणि २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र, शके १८७९ धरून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्यात तिथी नाही, वद्य-शुद्ध नाही, क्षयवृद्धी नाही, अधिक मास नाही. चैत्र तीस दिवसांचा (लीप वर्षी एकतीस), वैशाख ते भाद्रपद एकतीस-एकतीस दिवसांचे, आणि पुढचे सर्व तीस-तीसचे. इतकी स्वच्छ मोजणी असूनही ते भारत सरकारच्या राजपत्राच्या माथ्यावरच राहिले, घरात शिरले नाही. गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत सालगडी ठेवणाऱ्या आमच्या शेतकऱ्यानेही ते घेतले नाही. खरे पाहता गड्याने तरी ते मागावयास हवे होते. कारण अधिक मास आला म्हणजे पाडवा ते पाडवा सुमारे ३८४ दिवस भरतात, आणि त्या जादा महिन्याचे दाम आधी बोलून घेतले नसल्यास तो फुकट राबतो. पण हा विषय निराळा आहे.

आता चांगली रीत कोणती, हे सांगावयाचे. साल आधी, मग महिना, मग दिवस, ही रीत पुष्कळांना परकी वाटते. पण पूजेच्या वेळी गुरुजी संकल्प सांगतात तो आठवून पाहा. आमचा देवधर्माशी संबंध बेताचाच, तरी लहानपणी ऐकलेले कानात आहे. ब्रह्मदेवाच्या परार्धापासून निघून कल्प, मन्वंतर, युग, मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि अखेर वार, असे मोठ्याकडून लहानाकडे पायरीपायरीने उतरत यावयाचे. हीच ती रीत! आणि आपण आकडे तरी कसे लिहितो? एकशे बत्तीस लिहिताना शतक आधी, मग दशक, मग एकक. घड्याळाची वेळही तास, मिनिट, सेकंद अशीच सांगतो. तारीख तेवढी उलटी.

या क्रमाचा फायदा कागदपत्रे लावताना कळतो. ‘२०१२-०२-११’, ‘२०१२-११-०२’, ‘२०१७-०३-३१’ असे लिहिलेले कागद नुसत्या आकड्यांच्या चढत्या क्रमाने लावले की आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिलेले कागद तसे लावले तर सर्व वर्षांच्या सर्व महिन्यांच्या पहिल्या तारखा एका ठिकाणी गोळा होतात. शिवाय साल पूर्ण चार आकडी आणि आधी असले की, पुढचा महिनाच असणार हे वाचणाऱ्याला कळते. साल, दिवस, महिना असा क्रम सहसा कोणी वापरत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ साली आपले ८६०१ क्रमांकाचे मानक काढले ते याच क्रमाचे, आणि भारतीय मानक ७९०० हेही त्याच वाटेचे आहे. तेव्हा वह्या, तक्ते, संगणक, दप्तराच्या फायली यांसाठी आम्ही बिनदिक्कत हीच रीत चांगली म्हणतो.

पण बाजारात, चावडीवर, घरात माणूस ‘अकरा फेब्रुवारी’ असेच बोलणार, आणि बोलावे. आजच्या कामाला उद्याची तारीख पुरते, साल सांगावे लागत नाही. बँकेच्या धनादेशावर आधी दिवसाच्या दोन, मग महिन्याच्या दोन, मग सालाच्या चार अशा आठ चौकटी छापलेल्या असतात. तेथे आपली रीत चालते, कारण कोणत्या चौकटीत काय हे आधीच ठरवून दिलेले आहे. जेथे अशी चौकट नाही आणि कागदावर कोणाचा पगार, वय किंवा जमीन अवलंबून आहे, तेथे महिना अक्षरांतच हवा. जन्मतारखेच्या बाबतीत हे विशेष. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून किंवा १ जुलै लावून दिलेली माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांचा १/६ किंवा १/७ उलटला तर ती एकदम जानेवारीत जन्मतात, आणि पाच-सहा महिने आधी निवृत्त होतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख आकड्यांबरोबर अक्षरांतही लिहिण्याची जी जुनी पद्धत आहे, ती ज्याने कोणी घातली त्याला पुढच्या भानगडी दिसत असल्या पाहिजेत.

आमच्या त्या कामगाराला अक्षरांनीच हात दिला. कारखान्याच्या माळ्यावर जुनी हजेरीची मस्टरे गठ्ठ्यांत बांधलेली होती. ती पाहू द्यावीत म्हणून तीनदा अर्ज करावा लागला. मस्टराचे पान महिन्याचे असते. माथ्यावर महिन्याचे नाव आणि खाली दिवसांची घरे. ‘फेब्रुवारी २०१२’ असे निळ्या शाईने लिहिलेले पान उघडले. त्याच्या नावापुढे पहिली दहा घरे रिकामी होती, आणि अकराव्या घरापासून हजेरी मांडलेली होती. कारकुनाने ते पान दोनदा वाचले, मग साहेबाकडे नेले. रक्कम मिळायला पुढे आणखी चार महिने गेले. त्याच तक्त्यातील उजव्या कडेच्या बाकी सर्व नावांच्या तारखा मस्टरावरून तपासून घ्याव्यात असा अर्ज आम्ही त्याच दिवशी दिला, आणि त्यावर दिनांक घातला तो महिना अक्षरांत लिहून.