पिक-अपची पाच मिनिटं

हॉटेलात चिकन अल्फ्रेडो मागवला की पंधरा-वीस मिनिटांत टेबलावर येतो. घरी करायला घेतला की अख्खी संध्याकाळ जाते, ओट्यावर भांड्यांचा ढीग पडतो आणि बशीत येतो तो पांढरा, घट्ट, गार होत चाललेला गोळा. साहित्य तेच असतं, कृतीही मोबाइलवर बघून तीच केलेली असते. चुकतो तो क्रम. हॉटेलात या पदार्थाचे सुटे भाग दुपारीच तयार होऊन बसलेले असतात आणि ऑर्डरची चिठ्ठी आली की ते फक्त जोडायचे असतात. या जोडण्याला किचनमध्ये ‘पिक-अप’ म्हणतात.

हा शब्द मी आमच्या मुलुंड पूर्वेच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाकडून ऐकला. अंधेरीच्या एका रेस्टॉरंटात तो ‘कॉन्टी’ला आहे, म्हणजे पास्ता, स्टेक, सूप वगैरे जिथे होतं त्या विभागात. हुद्दा कॉमी, शेफच्या हाताखालचा. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी असा त्याचा रोजचा प्रवास. २०१४ साली ही घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली नसती, तर अंधेरीची नोकरी मी त्याला धरूच दिली नसती, असं त्याची आई म्हणते. शनिवार-रविवारची सुट्टी हॉटेलवाल्यांच्या नशिबी नसते. याची सुट्टी बुधवारी. अशा एका बुधवारी त्याने घरी अल्फ्रेडो करायचं ठरवलं आणि मी स्टूल घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात बसले.

माणसं चार. तो, आई, बाबा आणि आजी. आजी माळकरी. म्हणजे चारातल्या एका बशीत चिकन नाही, आणि चिकनचा चमचाही नाही. मला वाटलं, इथेच सगळं अडणार. पण अडलं नाही, उलट सोपं झालं. कसं ते पुढे येईलच.

चिकन त्याने आदल्या रात्रीच आणलं होतं. आपल्याकडे डोळ्यांसमोर कापून घेतलेलं, अजून कोमट असलेलं चिकन म्हणजे सगळ्यात ताजं आणि म्हणून सगळ्यात चांगलं अशी समजूत आहे. रश्श्यासाठी ती चालून जाते, कारण रस्सा सावकाश शिजतो. पण छातीचा तुकडा तव्यावर काही मिनिटांत भाजायचा असेल, तर ताजेपणा आडवा येतो. कोंबडी कापल्यावर काही तास तिचे स्नायू आखडलेले असतात. त्या अवस्थेत हाडापासून सोडवलेलं बोनलेस शिजवलं की वातड लागतं. म्हणून पक्षी अख्खा किंवा हाडासकट आणायचा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा आणि सकाळी छाती सोडवायची. हे काम त्याने दहा मिनिटांत केलं. हाडं आईने रश्श्यासाठी बाजूला ठेवली.

मग लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ आणि त्यात अर्धा तास चिकन. मीठ आत शिरतं, तिथल्या प्रथिनांची वीण थोडी सैल करतं आणि तापल्यावर मांसातून कमी पाणी निघतं. आईने हळद आणि आलं-लसणाची वाटी पुढे सरकवली होती. ‘आई, याचा रस्सा नाही करायचा,’ एवढंच बोलून त्याने वाटी परत मागे सरकवली. तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने ठोकले, जाड टोक आणि बारीक टोक एकाच उंचीला येईपर्यंत. मग पंच्याने टिपून टिपून अगदी कोरडे केले. टिपणं आपण घरी टाळतो. ओला तुकडा तव्यावर पडला की तव्याची सगळी आच ते पाणी उडवण्यात खर्च होते. पाणी आहे तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि तो खमंग तपकिरी रंग यायला साधारण १४० अंश लागतात. या रासायनिक क्रियेला माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याने ती १९१२ साली मांडली.

तवा बिडाचा, भाकरीचा. धूर दिसेपर्यंत तापवला, चमचाभर तेल, आणि तुकडा ठेवल्यावर त्याने हात मागे बांधले. खरोखरच बांधले. ‘काकू, सगळ्यात अवघड हेच. हात लावायचा नाही.’ खालची बाजू सुटून आली की उलटायचं. आधी ओढलं तर फाटतं. हॉटेलात थर्मामीटरची सुई टोचून आतलं तापमान बघतात, ७४ अंश झालं की उतरवतात. घरी त्याने सगळ्यात जाड भागात सुरी खुपसून रस स्वच्छ निघतोय का ते पाहिलं. आणि तुकडे लगेच कापले नाहीत, ताटलीत निवांत ठेवून दिले. गरमागरम कापलं की रस पाटावर वाहून जातो.

तव्याच्या बुडाला जो तपकिरी थर राहिला, त्यात या पदार्थाची अर्धी चव असते. हॉटेलात तो सॉसमध्ये जातो. इथे आजी होत्या. त्याने तव्यात अर्धी वाटी पाणी ओतलं, उलथन्याने थर सोडवला, आटवला आणि तो चमचा-दोन चमचे अर्क एका वाटीत काढून ठेवला. तीन बशांवर वरून घालण्यासाठी. चौथीचा त्याच्याशी संबंध नाही. इथून पुढे दुसरी कढई, दुसरा झारा.

आता मूळ अल्फ्रेडोबद्दल दोन शब्द, कारण त्यात आपण करतो त्यातलं जवळजवळ काहीच नाही. रोममधल्या आल्फ्रेदो दी लेलियो याने १९०८ च्या सुमारास बाळंतीण बायकोला अन्न जाईना म्हणून लोणी आणि चीज घालून फेतुचिने करून दिले, अशी कथा सांगतात. १९१४ साली त्याने स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. १९२० मध्ये मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे हॉलिवूडचं जोडपं मधुचंद्राला तिथे जेवलं आणि पदार्थ अमेरिकेत पोचला. तिथे त्याला क्रीम लागलं, मग चिकन. इटलीत पास्त्यावर चिकन घालायची पद्धत नाही. आपल्याकडे येईपर्यंत मैद्याचा व्हाइट सॉसही आला, जो मुळात फ्रेंच. म्हणजे उपनगरातला अल्फ्रेडो तीन देश फिरून आलेला आहे आणि ‘अस्सल’ कोणता यावर वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही. घाटकोपरच्या खाऊगल्लीत शेजवान चटणी मारून वर चीजचा डोंगर किसलेला पास्ता मिळतो. तोही मी आनंदाने खाते.

सॉसची पायाभरणी: ३० ग्रॅम बटर, ३० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. मैद्याचा कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, पण रंग येऊ द्यायचा नाही. गरम मैद्यात थंड दूध थोडं थोडं ओतायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दुधात आधी लवंगा टोचलेला अर्धा कांदा आणि तमालपत्र घालून उकळी आणली होती, मग गाळून गार केलं होतं. शेवटी जायफळ. ‘श्रीखंडाचं जायफळ यात?’ आजींनी विचारलं आणि स्वतःच किसून दिलं. हा सॉस मुद्दाम पातळ ठेवला होता, पळीच्या पाठीवर जेमतेम थर धरेल इतका. घरच्या सॉसचा गोळा होतो तो बहुधा इथेच: आपण तो कढईत खाण्याइतका दाट करतो, मग त्यात पास्ता पडतो, पास्ता पाणी ओढतो, चीज पडतं आणि सिमेंट तयार होतं.

पास्ता पेन्ने होता, पाकिटावर ‘ड्युरम’ लिहिलेला. इटलीत सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असला पाहिजे, असा कायदा १९६७ साली झाला. हा गहू आपल्याला परका नाही. बन्सी म्हणजे ड्युरमच. आजींच्या माहेरी शेवयांसाठी बन्सीचाच रवा काढत, कारण कडक गव्हाची शेवई शिजून गाळ होत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तर १४.७ टक्के प्रथिनं असलेलं ‘एमएसीएस ४०२८’ नावाचं ड्युरमचं वाण काढलं आहे. तेव्हा पास्ता घेताना देशी-परदेशी बघण्यापेक्षा पाकिटावर कुठला गहू लिहिलाय ते बघावं. साध्या गव्हाचा असेल तर दोन मिनिटं जास्त झाली की लगदा.

चारशे ग्रॅम पास्त्याला इटालियन नियमाने चार लिटर पाणी लागतं. त्याने दोनच लिटर घेतलं. एक तर बिल्डिंगचं पाणी तासांवर येतं. पण खरं कारण वेगळं. अन्नशास्त्रावर लिहिणाऱ्या हॅरॉल्ड मॅक्गी यांनी २००९ मध्येच न्यूयॉर्क टाइम्समध्ये दाखवलं होतं की खूप कमी पाण्यातही पास्ता उत्तम शिजतो, फक्त ढवळत राहावं लागतं. आणि पाणी कमी असलं की त्यात पिठूळपणा जास्त उतरतो. तो हवाच असतो. मीठ मात्र हात आखडून, कारण हेच पाणी पुढे सॉसमध्ये आटणार. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली होती, त्याने आठव्या मिनिटाला उपसला. तेल लावलं नाही. हॉटेलात दुपारी शिजवून ठेवतात म्हणून चिकटू नये यासाठी तेल चोळावं लागतं, आणि तेलकट पास्त्यावर सॉस नीट बसत नाही. या एका बाबतीत घर हॉटेलच्या पुढे आहे.

पास्त्याचं गढूळ पाणी मोरीत ओतणं हा आपला घरोघरचा अपराध. आजींना मात्र ते पटकन कळलं. ताक तापवताना फुटू नये म्हणून कढीला बेसन लावतात, तसंच हे, त्या म्हणाल्या. अगदी तसंच. चीज तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून गोळा होतात, तूप वेगळं सुटतं. पिठूळ पाणी त्यांना तसं करू देत नाही. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं ते इटालियन शास्त्रज्ञांच्या नेमक्या याच अभ्यासाला. ‘काचो ए पेपे’ या चीज-मिरीच्या पास्त्यात चीजच्या वजनाच्या एक टक्क्याहून कमी स्टार्च असेल तर गोळे होतात आणि दोन-तीन टक्के असेल तर सॉस मऊ राहतो, हे त्यांनी मोजून दाखवलं.

चीज अमूलचं, घरातलं नेहमीचं. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटनेच विरजावं लागतं, तसा त्याचा नियमच आहे. म्हणजे आजींच्या बशीतून ते आपोआप बाद. शिवाय प्रोसेस्ड चीजमध्ये पायसकारी क्षार असतात, त्यामुळे ते तापवलं तरी फुटत नाही. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हे तंत्र निघालं ते चीज गरम देशांत टिकावं म्हणून. चव थोडी बोथट, हे खरं. ती उणीव ताज्या मिऱ्यांनी आणि लिंबाच्या किसलेल्या सालीने भरून काढली. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनो-चिली फ्लेक्सच्या पुड्यांनी भरलेला खण बाबांनी उघडला, मुलाने बंद केला. मला विचाराल तर चिली फ्लेक्स चालले असते.

आणि मग पिक-अप. इथे घरात खरं भांडण होतं, कारण हॉटेलात एका वेळी एक-दोन बशांचाच पास्ता कढईत पडतो आणि घरी सगळ्यांनी एकदम बसायचं असतं. पाइप गॅसच्या घरगुती बर्नरची आच हॉटेलच्या शेगडीच्या मानाने फार कमी. चौघांचा पास्ता एकदम टाकला तर कढई थंड पडते, सगळं उकडत राहतं. ‘आजी-बाबा पहिले,’ त्याने जाहीर केलं. बशा आधीच पास्त्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवून गरम केल्या होत्या. थंड बशीत हा सॉस क्षणात साय धरतो.

बटर, कापांचा लसूण, कडा सोनेरी व्हायला लागताच एक पळी पास्त्याचं पाणी, चरचर, वाफ. दोन पळ्या व्हाइट सॉस, आधीच कोरडे परतून ठेवलेले मशरूम, अर्धा पास्ता. आच मोठी. कढई सारखी हलती. राहिलेली तीन मिनिटं पास्ता इथे सॉसमध्ये शिजतो आणि सॉस त्याच्या पन्हाळीत शिरतो. दाट झालं की पुन्हा पाणी. गॅस बंद, मग चीज, मग मिरी. आजींची बशी वाढून झाली. तेव्हाच चिकन कापलं, रेषांना आडवं, आणि बाबांच्या बशीत वर मांडलं, अर्काच्या चमच्यासकट.

पायाचा सॉस शाकाहारी आणि मांस शेवटी वरून, ही मी आजींसाठी केलेली तडजोड समजत होते. ‘नाही हो काकू, आमच्याकडे असंच असतं,’ तो म्हणाला. एकाच सॉसवर व्हेज, चिकन, प्रॉन, तिन्ही ऑर्डरी निघतात. बाबा पहिला घास घेऊन काही बोलले नाहीत, दुसरा घेतला. दुसरी कढई होईपर्यंत आई उभीच राहिली, तिला बसवायला दोनदा सांगावं लागलं.

थोडा सॉस आणि पास्ता उरला. दुसऱ्या दिवशी गुरुवार, आईचा उपास नाही पण चिकन नाही, त्यामुळे तिने तो ऑफिसच्या डब्यात नेला. मायक्रोवेव्हमध्ये भसकन तापवला तर बटर सुटून वर तरंगतं, म्हणून मुलाने डब्याबरोबर एका छोट्या बाटलीत दूध दिलं होतं: दोन चमचे घालायचे, अर्ध्या पॉवरवर तापवायचं, मध्ये एकदा ढवळायचं. ऑफिसमधल्या दोघींनी कृती मागितली. तिने त्यांना फोनवर मुलाशीच बोलायला दिलं, तर तो म्हणाला, आधी चिकन आदल्या रात्री आणा.