पोचल्याचे पत्र

संगणक बिघडला की तो ओरडतो, पडद्यावर काहीतरी चुकल्याची अक्षरे उमटतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पुष्कळदा तो ओरडतोही. पण खरा घात करतो तो न ओरडणारा बिघाड. नेमून दिलेले काम वेळेवर सुरू होते, मध्येच कुठेतरी थबकते आणि तसेच उभे राहते. ते फसलेले नसते, कारण ते संपलेलेच नसते. मग चूक झाल्याचा निरोप तरी कोण पाठवणार?

अलीकडे बऱ्याच घरांतून तरुण मंडळी कोपऱ्यात एक छोटा संगणक रात्रंदिवस चालू ठेवतात. 'होम सर्व्हर' हे त्याचे भारदस्त नाव. २०१२ साली 'रास्पबेरी पाय' हा तळहातावर मावणारा स्वस्त संगणक आला आणि ही हौस मध्यमवर्गीय खिशाच्या आवाक्यात आली. आमच्याकडचा सर्व्हर रोज रात्री दोन वाजता घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो दुसऱ्या खोलीतल्या डिस्कच्या पेटीत उतरवून ठेवतो. नातवाचे बारसे, थोरल्या बहिणीचे शेवटचे दिवस, सारे त्यात आहे. तेव्हा हे नुसते खेळणे नव्हे.

रात्री दोनला या कामाला उठवतो तो 'क्रॉन' नावाचा प्रोग्राम. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. १९७९ सालच्या युनिक्समध्येही तो होता. पुढे १९८७ साली पॉल विक्सी यांनी लिहिलेली त्याची आवृत्ती सर्वत्र पसरली. हा पहारेकरी मोठा काटेकोर, पण तितकाच निर्विकार. वेळ झाली की तो काम उठवतो. कालचे काम संपले की नाही, हे पाहणे त्याच्या कक्षेत बसत नाही.

झाले असे, की झोपण्यापूर्वी बटणे बंद करण्याच्या घरच्या शिस्तीत डिस्कच्या पेटीचेही बटण बंद झाले. सकाळी ते पुन्हा लागले. पण पेटीची स्वतःची कळ वेगळी, ती कोणी दाबली नाही. सर्व्हर बिचारा पेटीची वाट पाहत राहिला. नेटवर्कवरची डिस्क गायब झाली, तर ती परत येईपर्यंत थांबायचे, असाच नेहमीचा संकेत असतो. दुसऱ्या रात्री क्रॉनने आणखी एक काम उठवले, तेही रांगेत उभे राहिले. मुलाने पाहिले तेव्हा अकरा कामे एकामागे एक ताटकळत होती. तक्रार मात्र एकाचीही नव्हती.

अशा वेळी एकदम सगळे बंद करून पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. त्याने अडलेले सुटते, पण कारण पुसले जाते. आधी दोन प्रश्न विचारावेत. काम केव्हापासून चालू आहे? आणि ते कोणाची वाट पाहत आहे? लिनक्समध्ये 'पीएस' ही आज्ञा पहिल्याचे उत्तर देते आणि दुसऱ्याचा सुगावा लावते. विंडोजमध्ये तर आणखी गंमत. पाठीमागे चालणारा प्रोग्राम कधी 'हो की नाही?' अशी चौकट उघडतो, पण ती कोणालाच दिसत नाही. दिवसा हाताने चालवून पाहावे तर सगळे सुरळीत, कारण दिवसा उत्तर द्यायला तुम्ही समोर असता!

उपाय साधे आहेत. कामाला मुदत घालावी. लिनक्समधली 'टाइमआउट' ही आज्ञा मुदत संपताच ते थांबवते. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ही मुदत मुळात तीन दिवसांची असते, ती कमी करावी. पहिले काम चालू असताना दुसऱ्याने आत शिरू नये म्हणून 'फ्लॉक'चे कुलूप लावावे. आणि निघण्यापूर्वी पेटी जागेवर आहे का, एवढे पाहायला कामाला शिकवावे.

पण या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट मला बँकेतल्या नोकरीने शिकवली. दिवसअखेर 'आज काही तक्रार आली नाही' म्हणून आम्ही तिजोरी बंद करत नसू. रोख मोजली, वहीशी ताळा जमला, सह्या झाल्या, की मगच कुलूप. शांतता हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे सही. म्हणून काम पूर्ण झाल्याची नोंद त्याने रोज पाठवावी, तीही सर्व्हरच्या बाहेर, दुसऱ्या ठिकाणी. ती वेळेत आली नाही, तर त्या दुसऱ्या ठिकाणाने आपल्याला हाक मारावी. शिवाय महिन्यातून एकदा एखादा जुना फोटो पेटीतून काढून उघडून पाहावा.

यात नवे काही नाही. आपल्याकडे मुलगा शिकायला परगावी निघाला, की 'पोचल्याबरोबर पत्र टाक' असे आई बजावत असे. 'संकट आले तर कळव' असे ती म्हणत नसे. संकटात सापडलेला कळवणार कसा, हे तिला पक्के ठाऊक होते. चार दिवसांत कार्ड आले नाही, की घर चौकशीला लागे. यंत्रांकडूनही आपण तेवढेच एक कार्ड मागून घ्यावे.