सरड्याचे कुंपण



सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो आणि म्हणताना त्या बिचाऱ्या प्राण्याला थोडेसे हसतोही. परंतु कुंपणापर्यंत धावणारा सरडा मूर्ख नसतो. कुंपणावर ऊन असते, कुंपणाखाली सावली असते, आणि या दोहोंमध्ये दिवसभर येरझारा घालणे हाच त्याचा जीवनक्रम होय. अलीकडे आपल्या देशातील शहरांतून एक परदेशी सरडा हौसेने पाळला जाऊ लागला आहे. त्याला इंग्रजीत 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात. आपण त्याला दाढीवाला सरडा म्हणू. त्याचे पिलू घरी आणणाराने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, त्याचे कुंपण आता आपण बांधणार आहोत. तेव्हा ऊन आणि सावली ही दोन्ही त्या कुंपणाच्या आत ठेवण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. १९२६ साली अर्न्स्ट आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. 'पोगोना' हे त्याचे कुलनाम दाढी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. रागावला किंवा भ्याला म्हणजे तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो. आपल्या बांधावर मान खालीवर करणारा सरडा हा त्याच्याच घराण्यातला. या घराण्यात आपल्या भाषेचाही मान आहे. गळ्याला रंगीत पंखा असणाऱ्या भारतीय सरड्यांच्या एका गटाला २०१६ साली संशोधकांनी 'सरडा' हेच शास्त्रीय नाव दिले. तात्पर्य, पाहुणा परका असला तरी त्याच्या चालीरीती आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत.

आपण अन्न खातो आणि त्यातून शरीराची ऊब निर्माण करतो. सरड्याला ही विद्या अवगत नाही. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते, आणि ती पुरेशी झाली की उठून सावलीत जावे लागते. दाढीवाला सरडा अंगाची उष्णता साधारण ३५ ते ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास राखण्याची खटपट करीत असतो. त्याहून फार खाली गेल्यास पोटातले अन्न पचत नाही, तसेच पडून राहते. फार वर गेल्यास जीवच जातो. उष्णतेचा प्रभाव या जातीवर तर अंड्यापासूनच असतो. अंडी फार उष्ण जागी राहिली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिले मादी होऊन जन्मतात, आणि हे रानातही घडते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले.

म्हणून पिंजऱ्याची रचना करताना त्याला दोन टोके ठेवावीत. एका टोकाला दिव्याखाली दगड किंवा जाड फांदी असावी. तेथील उष्णता ३८ ते ४२ अंश असावी. दुसरे टोक २५ ते २९ अंशांवर असावे, व तेथे दडून बसण्यास आडोसा असावा. रात्री दिवे मालवावेत. २० अंशांच्या आसपासचा गारवा त्याला मानवतो. दोन्ही टोकांना एकेक तापमापक लावावा, हाताच्या अंदाजावर विसंबू नये. विजेवर तापणारे दगड बाजारात मिळतात, ते घेऊ नयेत. पोटाखालून लागणारा चटका या प्राण्याला वेळेवर कळत नाही व कातडी भाजते.

आता आपल्या खानदेशाचा विचार करू. परदेशी पुस्तकांत पिंजरा तापवावा कसा याचीच चर्चा अधिक, कारण ती थंड देशांत लिहिलेली. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. अशा दिवसांत घरातली खोलीच तापते आणि पिंजऱ्यातले थंड टोक नाहीसे होते. वाळवंटातला प्राणी आहे, त्याला उन्हाचे काय, असे म्हणणारा मनुष्य येथे फसतो. वाळवंटातला सरडाही दुपारी बिळात किंवा झुडपाच्या सावलीत असतो. पेटीतल्या सरड्याने कोठे जावे? म्हणून उन्हाळ्यात दुपारी तापविणारा दिवा बंद ठेवावा आणि पिंजरा घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवावा. कूलरने खोली गार करावी, परंतु त्याचा ओला झोत पिंजऱ्यावर येऊ देऊ नये. उलट धुळ्याकडे हिवाळ्यात पारा ६ अंशांपर्यंत उतरतो. अशा रात्री वीज गेली तर गरम पाण्याची रबरी पिशवी जाड फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी, आणि पिलू पुन्हा नीट ऊब घेईपर्यंत त्याला खाऊ घालू नये.

उष्णतेइतकाच उजेडाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक पिले दगावतात ती येथेच. आपल्याकडे तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरण्याची रीत आहे. ऊन मिळाले नाही तर हाडे मऊ राहतात, त्याला आपण मुडदूस म्हणतो. सरड्याच्या पिलालाही हाच रोग होतो. उन्हातील अतिनील किरणांपैकी ठरावीक लांबीचे किरण कातडीवर पडले की तेथे 'ड' जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याच्याशिवाय अन्नातला चुना हाडांत जात नाही. जबडा मऊ पडणे, पाय वाकणे, अंगाला कंप सुटणे ही त्याची लक्षणे होत. पेटी खिडकीच्या काचेमागे ठेवून भागत नाही. काच उजेड आत सोडते, पण तो गुणकारी अंश अडविते, आणि वर पेटी भट्टीसारखी तापते ती वेगळीच. याकरिता अतिनील किरण देणारी खास नळी दिवसाचे १२ तास लावावी. तिचा डोळ्यांना दिसणारा उजेड टिकला तरी गुण ओसरतो. म्हणून साधारणपणे ६ ते १२ महिन्यांनी, उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे, ती बदलावी. आपल्याकडे सूर्य फुकट आहे, त्याचाही लाभ घ्यावा. सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून, पंधरा-वीस मिनिटे पिलू बाहेर ठेवावे. मांजर आणि घारीपासून मात्र सांभाळावे.

खाण्याच्या बाबतीत पिलू आणि मोठा सरडा यांत फरक आहे. मोठा मुख्यतः पाला खातो; पिलाला वाढीसाठी किडे अधिक लागतात, तेही दिवसातून दोन-तीन वेळा. किडा पिलाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. किड्यांत चुना कमी असतो, म्हणून त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. कपाशीच्या शेतातले नाकतोडे धरून आणू नयेत. फवारलेले विष त्यांच्याबरोबर पिलाच्या पोटात जाते. खास वाढविलेले रातकिडे घ्यावेत, आणि उरलेले रात्री पेटीत ठेवू नयेत, ते पिलाला चावतात. काजवा तर चुकूनही देऊ नये. एका काजव्यानेही हा प्राणी मरू शकतो. पाल्यापैकी शेवगा, तुती, कोथिंबीर, जास्वंदीची फुले व किसलेला लाल भोपळा चांगला. पालक क्वचितच द्यावा, कारण त्यातले आम्ल चुना अडवून ठेवते. आपल्या रावेर-यावलचे केळे गोड खरे, परंतु त्यात चुन्यापेक्षा स्फुरद अधिक. ते रोजचे अन्न नव्हे.

पेटीत वाळू पसरू नये. पिलू ती गिळते व आतडे तुंबते. साधा कागद किंवा फरशी पुरे. दोन पिले एकत्र ठेवू नयेत. ती एकमेकांची बोटे व शेपट्या तोडतात, आणि या जातीची तुटलेली शेपटी पुन्हा येत नाही. प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. पाच वर्षांखालील मुलांना तर त्यापासून दूरच ठेवावे.

शेवटी कायद्याविषयी. ऑस्ट्रेलिया आपले वन्य प्राणी व्यापारासाठी जिवंत बाहेर जाऊ देत नाही. बाजारातली पिले बंदिवासात जन्मलेली असावयास हवीत, म्हणून विक्रेत्याकडून कागदपत्र मागून घ्यावे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, आणि आंतरराष्ट्रीय यादीतील परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना नोंदणी आवश्यक झाली. आपला प्राणी त्यात येतो की नाही हे वन खात्यात आधी विचारावे. आपल्या रानातली घोरपड किंवा तारा कासव घरी आणून पाळणे हा तर सरळ गुन्हाच. आणि कंटाळा आला म्हणून हा परका सरडा रानात सोडणेही योग्य नाही. त्यात त्याचेही हित नाही, आणि रानाचेही नाही.

आज बोटभर अंगाचे दिसणारे हे पिलू वाढून शेपटीसह दीड-दोन फूट होते, दहा वर्षे जगू शकते, आणि तेव्हा त्याला चार फूट लांबीचे घर लागते. सरड्यांवर उपचार करू शकणारा पशुवैद्य कोठे आहे, याची चौकशी खरेदीपूर्वी झाली पाहिजे. दहा उन्हाळे त्याला सावली आणि दहा हिवाळे ऊब देण्याची तयारी असेल, त्यानेच हे कुंपण घालावे. ज्याची तेवढी तयारी नसेल, त्याने आपल्या परसातल्या कुंपणावर मान हलविणारा सरडा पाहावा. त्याचे ऊन आणि त्याची सावली तो स्वतःच शोधून घेतो.