ऑर्डर स्पॅममध्ये अडकलीय का? विश्वासू ईमेल इनबॉक्समध्ये आणायची सेटिंग



आपलं खामगाव म्हणजे रजतनगरी. इथली चांदी, इथला कापूस बाहेरगावी जातो, आणि आता कोटेशन, पीओ, बिलं सगळं ईमेलवर येतं. पण गिऱ्हाईकाचा मेल स्पॅममध्ये पडला तर? जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप काढून टाकतं. जीएसटी नोंदणीच्या अर्जात काही शंका निघाली, तर उत्तर द्यायला फक्त ७ कामाचे दिवस मिळतात. मेल दिसलाच नाही तर अर्ज नामंजूर होऊ शकतो.

म्हणून व्हिडिओतल्या स्टेप्स इथे लिहून देतोय. ही सेटिंग मोबाईल ॲपमध्ये होत नाही, कॉम्प्युटरवरच करा.

१. आधी स्पॅम उघडा. कामाचा मेल दिसला तर 'नॉट स्पॅम' दाबा.
२. वर उजवीकडच्या चाकावर क्लिक करून 'सी ऑल सेटिंग्ज'मध्ये जा.
३. 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' उघडा, खाली 'क्रिएट अ न्यू फिल्टर' आहे.
४. 'फ्रॉम'मध्ये त्या व्यापाऱ्याचा पूर्ण ईमेल पत्ता टाका आणि 'क्रिएट फिल्टर' दाबा.
५. 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर टिक करा, पुन्हा 'क्रिएट फिल्टर'. झालं!

एखाद्या कंपनीचे बरेच लोक मेल करत असतील, तर 'ॲट'च्या चिन्हापासून पुढचा भाग टाकला तरी चालतो. पण 'जीमेल डॉट कॉम' असं कधीच टाकू नका. तो पत्ता तर चोराकडेही असतो. म्हणजे दुकानाचं शटर रात्रभर उघडं ठेवल्यासारखंच झालं की!

आणखी एक. फिल्टर फक्त मेल आत आणतो, तो खरा आहे याची हमी देत नाही. नेहमीच्या पार्टीच्या नावाने 'आमचं बँक खातं बदललं' असा मेल आला, तर पैसे पाठवण्याआधी तुमच्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर फोन करा. उद्यम नोंदणीसाठी कुणी फी मागितली तर लगेच सावध व्हा, सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा.

आज दुकान बंद करायच्या आधी तुमच्या पाच मोठ्या पार्ट्यांचे पत्ते टाकून घ्या. आणि आठवड्यातून एकदा स्पॅमवर नजर टाकायची सवय ठेवा.