कुणाच्या वर्षाचं मोल किती?

आमच्या गटात अडीअडचणीसाठी थोडी रक्कम बाजूला असते. मागे एकाच बैठकीत दोन मागण्या आल्या. एकीला मुलीच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते, दुसरीला सासूच्या मोतीबिंदूसाठी. पैसे एकीपुरतेच होते. "म्हातारीचे असे किती दिवस राहिलेत?" असं कुणीतरी बोलून गेलं आणि आम्ही सगळ्या गप्प झालो.

सरकारांपुढेही हाच प्रश्न असतो. उपचार अनेक, पैसा मोजका. म्हणून तज्ज्ञांनी एक माप काढलं. ठणठणीत तब्येतीचं एक वर्ष म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०, दुखण्यातलं वर्ष या दोन्हींच्या मधे. समजा, दुखऱ्या गुडघ्याच्या वर्षाला ०.६ गुण आणि शस्त्रक्रियेनंतर ०.९. म्हणजे वर्षाला ०.३ चा फायदा, दहा वर्षांत ३ पूर्ण वर्षांचा. ज्या उपचारात असं एक वर्ष स्वस्त पडेल, तो आधी.

हिशेब सरळ वाटतो ना? अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९९० साली गरिबांच्या आरोग्य योजनेसाठी अशी यादी केली. त्यात दाताला टोपी बसवणं वर आलं आणि गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाची शस्त्रक्रिया त्याच्या खाली गेली. ही शस्त्रक्रिया वेळेवर झाली नाही तर बाई दगावू शकते. पण दाताचा खर्च किरकोळ, म्हणून तो वर चढला. यादी बदलावी लागली. १९९२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने सुधारलेली योजनाही नाकारली, कारण त्यात अपंगांवर अन्याय होत होता. चालता न येणाऱ्या बाईचं वर्ष आधीच कमी गुणांचं धरलं, तर तिचा जीव वाचवण्याचा 'फायदा'ही कमीच दिसणार. आणि गुण देणारे बहुतेक धडधाकट!

आपल्याकडेही २०१७ पासून केंद्राची एक यंत्रणा उपचारांचा खर्च आणि लाभ तपासते. माप टाकून द्यावं असं आम्ही म्हणत नाही. मापच नसेल तर ज्याची ओळख त्याचं काम. पण ज्याला दुखतं त्याला विचारल्याशिवाय आकडा पुरा होत नाही.

आम्ही त्या आजींनाच बैठकीत बोलावलं. त्या म्हणाल्या, "रात्री बाहेर जायला सुनेला उठवावं लागतं. मेल्याहून मेल्यासारखं होतं." हे आमच्या कुठल्याच वहीत नव्हतं. तपासण्या थांबण्यासारख्या नव्हत्या, म्हणून पैसे मुलीला दिले. आजींना आम्ही मोफत शिबिरात नेलं. जाण्यायेण्याचा खर्च सगळ्यांनी मिळून केला.

तुमच्या गटात अशी वेळ आली, तर आधी विचारा: जिच्याबद्दल ठरवतोय, ती इथे बसली आहे का?